बोटभर पिस्तूल

फाउस्तिनोने माझं पिस्तूल चिमटीत उचललं आणि शेजारी उभ्या असलेल्या सान्तोच्या नाकावर रोखलं.

"ढिश्क्यांव," तो म्हणाला. "मेलास तू. आता वाइन पाज."

सगळे हसले. मी हसले नाही. आमच्या खोऱ्यात रिकामी बंदूकसुद्धा कुणी माणसावर रोखत नाही. त्यासाठी लहानपणी आम्ही सगळ्यांनीच मार खाल्लाय. माझं पिस्तूल असं नाकावर रोखून, ही बंदूकच नव्हे, असं फाउस्तिनोने चारचौघांत सांगून टाकलं होतं.

तो बंदूकवाल्यांना सांभाळणाऱ्या संत बार्बराचा दिवस. आमच्या गार्दोने गावातले बंदूक-कारागीर त्या दिवशी देवळाशेजारच्या दालनात लांब टेबल मांडतात आणि वर्षातलं आपलं सर्वांत चांगलं काम त्यावर ठेवतात. काय ठेवायचं, काय नाही, ते फाउस्तिनो ठरवतो. मी जन्मभर कारखान्यात नळ्या घासल्या. घासणाऱ्या बायकांचं त्या टेबलावर कधी काही नसतं. आम्ही मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळतो आणि वाढतो.

काम सुटल्यावर मी ही बोटभर पिस्तुलं करायला लागले. घाट वडिलांच्या जुन्या चकमकीच्या पिस्तुलाचा: अक्रोडाची वळलेली मूठ, वर चोचीसारखा घोडा. नळी मात्र परग्रहावरच्या लढाईतली, पितळी चकत्या चढवलेली, टोकाला औषधाच्या बाटलीची निळी काच. गोळी नाही, किरण सोडणारी.

"एर्मेलिना, नातवंडांना दे हे," सान्तो म्हणाला.

"नातवंडं नाहीत मला. फाउस्तिनो, त्याचं नाक मारून झालं असेल तर घोडा ओढ."

"ओढायला आहे काय यात? शोभेचं आहे."

"कानाशी धर."

टेबलावरचं प्रत्येक काम तो तसंच पारखतो, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने डोळे मिटले आणि नखाने घोडा मागे ओढला.

टक्. खऱ्या पिस्तुलासारखा घोडा अर्ध्यावर थांबला. मग दुसरा टक्, खोल.

हसणं थांबलं. आतली स्प्रिंगची कमान मी घड्याळातल्या पोलादी पट्टीतून घडवली होती. लाल तापवून तेलात बुडवताना अशा कितीतरी मोडल्या होत्या. ही इथे मोडली असती, तर मी मुकाट पोलेंत्याकडे परतले असते.

त्याने चाप दाबला. घोडा पडला, आत लायटरच्या दगडाची ठिणगी उडाली आणि काच क्षणभर निळी पेटली.

"पुन्हा कर," सान्तो म्हणाला.

फाउस्तिनोने पुन्हा ओढला. मग तिसऱ्यांदा, कुणी न सांगता.

"कमान कुणी केली?"

"मीच. दुसरं कोण करणार?"

"तुझ्या बापाचं पिस्तूल ऐकलंय मी. त्याचा दुसरा टक् जरा बसका होता." त्याने डोळे उघडले. "याचा नाही."

आतून बायकांनी वाढायला हाक मारली. मी हलले नाही.

फाउस्तिनोने टेबलाच्या मधोमध जागा केली. पिस्तूल खाली ठेवता ठेवता त्याचा हात थांबला.

"सान्तो, सरक," तो म्हणाला. "नळीसमोर उभा राहू नकोस."

सान्तो सरकला.