यवतच्या चौकातली दीर्घिका

यवतच्या चौकात माझं फ्लेक्सचं दुकान आहे आणि माझ्या हातून आजवर कुणी कुरूप छापलं गेलेलं नाही. पुढाऱ्याचे डाग, नवरदेवाचं टक्कल, सगळं मी गुपचूप झाकतो.

बन्सीमामांची लेक गौतमी डॉक्टर झाली, औषधाची नव्हे, आकाशाच्या संशोधनाची. संध्याकाळी बुद्धविहारात तिचा सत्कार होता. फ्लेक्ससाठी तिनं दोन फोटो पाठवले: एक स्वतःचा, एक ती कित्येक वर्षं अभ्यासत असलेल्या दीर्घिकेचा, म्हणजे दूरच्या एका आकाशगंगेचा. दीर्घिका कसली, काळ्यावर पिवळट ठिपका! पोरीच्या एवढ्या मेहनतीला हे शोभेना. मी इंटरनेटवरून निळ्या-जांभळ्या भोवऱ्यासारखी एक झकास दीर्घिका उचलली. सवयीनं गौतमीचा चेहराही उजळून टाकला.

सत्काराच्या दिवशी सकाळी ती बघायला आली आणि स्क्रीनपुढं वाकली.

"इंद्रजीतदादा, ही माझी दीर्घिका नाही. आणि ही मीही नाही."

"अगं, चौकात उठून दिसाय नको का?"

"माझ्याच माणसांनी मला ओळखायला नको का?"

मला झोंबलं. पण तिनं खुर्ची ओढली आणि तो ठिपका मोठा करून दाखवला. मसुराच्या दाण्यासारखा, मधे फुगीर, कडेला निमुळता. ही दीर्घिका शेकडो दीर्घिकांच्या भावकीत राहते, म्हणाली. त्या गर्दीत तिच्यातला वायू निघून गेला, म्हणून आता नवे तारे जवळपास होतच नाहीत.

"भावकीत कुणाचं भलं झालंय?" मी म्हणालो.

ती हसली. "पण जुने तारे अजून जळतायत, दादा. अब्जावधी. हा उजेड तिथनं निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता."

मी पुन्हा बघितलं आणि नजर हटेना. इतक्या लांबून आलेल्या उजेडाला मी रंग फासायला निघालो होतो! निमूटपणे दोन्ही फोटो जसेच्या तसे छापले.

संध्याकाळी फ्लेक्स चढवताना बन्सीमामा आणि गौतमीची आई आक्काबाई खाली उभे होते.

"ह्यो ठिपका कशाचा?" कुणीतरी विचारलं.

"ठिपका म्हनू नका!" मी शिडीवरनं ओरडलो. "अब्जावधी तारं हायती त्यात!"

आक्काबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या लेकीच्या फोटोकडं बघत होत्या, मग स्वतःच्या रापलेल्या हाताकडं.

"बगा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "रंग माझाच घेतलाय पोरीनं."