लिटरभर पाण्याचं वजन

युद्ध संपल्यापासून कशात बरकत राहिली नाही, असं आमच्या गल्लीत सगळेच म्हणायचे. पिठाचा डबा पूर्वी जितके दिवस जायचा, त्याच्या एक दिवस आधीच आता आई तो उपडा करून ठोकायची. खालच्या मजल्यावरचा हमाल म्हणायचा, पोती हल्ली हलकी लागतात. त्यावर त्याची बायको म्हणायची, मग घरी येऊन कण्हतोस कशाला. मी हे ऐकायचे आणि सोडून द्यायचे. खरं तर मोजमाप हेच माझं काम होतं.

मी सतरा वर्षांची होते आणि वजनं तपासायच्या कारखान्यात शिकत होते. गावातला प्रत्येक दुकानदार वर्षातून एकदा आपली पितळी वजनं आमच्याकडे आणायचा. तराजूच्या एका पारड्यात त्याचं वजन ठेवायचं, दुसऱ्यात आमचं मूळ वजन. किलोचं हे मूळ वजन काचेच्या झाकणाखाली असायचं. त्याला उघडा हात लावायचा नाही, कारण बोटांचा तेलकटपणाही मोजला जातो. चामड्याच्या तुकड्यात धरून उचलायचं. दुकानदाराचं वजन कमी भरलं तर त्याच्या बुडाच्या भोकात शिसं ओतायचं, जास्त भरलं तर शिसं कोरून काढायचं आणि शिक्का मारायचा. आमचे मास्तर देहानं चांगले भरभक्कम होते. नवीन दुकानदार आला की म्हणायचे, "काट्याबद्दल शंका असेल तर दुसऱ्या पारड्यात मला बसवा. माझ्यात वर्षानुवर्षं फरक पडलेला नाही."

ज्यांच्याशी युद्ध झालं त्यांना आम्ही अधांतरी म्हणायचो. त्यांचं स्वतःचं नाव काय होतं ते कुणी विचारलं नाही. उन्हात तापलेल्या रस्त्यावर हवा थरथरते तसे ते दिसायचे, आणि जिथे थांबायचे तिथल्या वस्तूंचं वजन काढून घ्यायचे. तोफ डागली की गोळ्यापेक्षा तोफच लांब जायची. पूल कमानीसकट वर उचलले जायचे आणि ते निघून गेले की कोसळायचे. बाबा अशाच एका पुलाखाली गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात अधांतरी आमच्या गावावर येऊन थांबले, आणि सगळी गल्ली कारखान्याच्या तळघरात राहायला गेली. मास्तरांनी मूळ वजनाची पेटीही खाली आणून ठेवली होती. माझी बहीण त्याच तळघरात जन्मली.

तिला आम्ही पिसू म्हणायचो. उडी मारली की ती जराशी उशिरा खाली यायची. जराशीच, माहीत नसेल तर पोरगी चपळ आहे एवढंच वाटावं. पण युद्धानंतर कायदा आला होता. युद्धात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं शाळेत जाण्याआधी वजन करायचं. उंचीच्या मानाने ठरवलेल्या आकड्याखाली भरलं तर ते मूल अधांतरींचं समजायचं आणि नदीपलीकडे, तारांच्या आत, नेऊन सोडायचं. सरकारी कागदावर त्याला 'ज्यांचे त्यांना परत' म्हणत. परत गेलेलं कुणीच परत आलं नव्हतं.

पिसूच्या उंचीला बारा किलो लागत होते. मी तिला एकदा कारखान्यात नेऊन मोठ्या काट्यावर बसवलं होतं. बारा किलो चारशे भरली. आईला सांगितलं, आणि त्या दिवशी ती बऱ्याच महिन्यांनी भांडी घासताना गुणगुणली.

पिसूच्या सरकारी वजनाच्या आदल्या दिवशी मी ताणकाटे तपासत होते. ताणकाटा म्हणजे स्प्रिंगचा. हुकाला वस्तू लटकवायची, स्प्रिंग ताणली जाते आणि काटा आकडा दाखवतो. युद्धाआधीचे ताणकाटे आमच्याकडे आले की आम्ही ते बाद करायचो, कारण सगळे कमी दाखवायचे. पडून पडून स्प्रिंगा आखडल्या, असं मास्तर म्हणायचे आणि मीही तेच लिहायचे. त्या दिवशी टेबलावर एका कोळिणीचा आणि एका भंगारवाल्याचा काटा होता. एक लहान, एक मोठा, दोन वेगळ्या कारखान्यांचे. दोन्हींना आमचा किलो लटकवला तर दोन्ही काटे नऊशेच्या जरा पुढे जाऊन थांबले. बाद केलेल्यांच्या पेटीतून मी आणखी काढले. तेही तिथेच थांबले.

यात दोन गोष्टी बसत नव्हत्या. एक तर स्प्रिंग जुनी झाली की सैल पडते आणि जास्त दाखवते, कमी नाही. आणि आखडल्याच असतील, तर सगळ्या सारख्याच कशा आखडल्या? इतक्या साक्षीदारांनी एकच खोटं सांगावं, तेही न ठरवता?

वरच्या मजल्यावर तेल-दुधाची मापं तपासायचे. तिथून मी लिटरचं माप आणलं. माप भांड्याच्या आकारावर असतं, त्याचा वजनाशी संबंध नसतो, आणि लिटरभर पाणी किलोभर भरतं हे तर शाळेतलं पोरही सांगेल. मी समोर तेवढाच भार टाकून रिकाम्या भांड्याचं वजन आधी फेडून घेतलं, पाणी भरलं आणि समोरच्या पारड्यात मूळ वजन ठेवलं. पाण्याचं पारडं टेकलं ते टेकलंच. वरून शंभर ग्रॅम टाकले तेव्हा कुठे काटा मध्ये आला.

पाणी जड झालं नव्हतं. मूळ वजन हलकं झालं होतं. त्या हिवाळ्यात, तळघरात. आणि त्याच्या जोडीला लावून आम्ही गावातलं प्रत्येक वजन इमानेइतबारे हलकं करून दिलं होतं, शिक्का मारून. म्हणून पीठ पुरत नव्हतं. म्हणून पोती हलकी लागत होती.

मग मी पिसूचा हिशेब केला आणि स्टुलावर बसले. खऱ्या किलोंनी ती बाराच्या खाली होती. चांगलीच खाली.

मास्तरांना बोलावलं. त्यांनी पाणी ओतून टाकलं, पुन्हा स्वतः भरलं, पुन्हा ठेवलं. मग खोलीचं दार लोटून घेतलं.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"उद्या पोरांची वजनं आहेत," ते म्हणाले. "हे आपण परवा बोलू. लोकांनी चार वर्षं कमी खाल्लं, आणखी दोन दिवस खातील."

ते माझ्यासाठी बोलत होते, हे कळायला मला वेळ लागला नाही. वजनाच्या दिवशी काटा तेच धरायचे आणि वजनं मी लावायचे.

घरी आईला सांगितलं. पिसू पलंगावरून उड्या मारत होती.

"मग बरंच झालं की," आई म्हणाली. "तुमचं ते पितळ खोटं आहे तर खोटं असू दे. उद्या तोंडाला कुलूप लाव."

"आई, सगळ्या गावाला दहावा हिस्सा कमी मिळतोय."

"गावानं मला काय दिलं? त्या पुलाखालून तुझ्या बापाला काढायला चार माणसं आली नाहीत." तिनं पिसूला खाली ओढून केस विंचरायला घेतले. "तुला मोजायची हौस आहे ना, मग हे मोज. एका पारड्यात गाव आणि एका पारड्यात ही. सांग मला किती भरते."

पिसू म्हणाली, "बारा चारशे."

मी कुलूप लावायचं ठरवलं. अगदी मनापासून ठरवलं होतं.

वजनं शाळेच्या मोठ्या खोलीत होती. बाकं भिंतीला लावली होती, मधे आमचा काटा, शेजारी टेबलामागे सरकारी डॉक्टरीणबाई. त्या कोरडं बोलायच्या आणि मुलांना मात्र नाव न विचारता "काय रे राजा" म्हणायच्या. पोरांचे कपडे काढून पातळ सदरा घालायला देत होते. आमच्यापुढे शिंपीणकाकू होत्या, समोरच्या घरातल्या. त्यांचा मुलगा ढब्बू, गुबगुबीत, नेहमी भरगच्च रजईसारख्या कोटात. काकू आईला म्हणाल्या, "हिच्या खिशात दोन दगड तरी घालायचे. वारा आला तर कुठे शोधशील?"

"तुमच्या ढब्बूला बांधीन हिच्या पायाला," आई म्हणाली.

काकूंनी काही कारण काढून आम्हाला पुढे जाऊ दिलं. तेव्हा मला ते सौजन्य वाटलं.

पिसू पारड्यात बसली. मी चामड्यात धरून वजनं ठेवत गेले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काटा थांबला. "बारा चारशे," मास्तर म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर शिक्का मारला आणि ते आईच्या हातात दिलं. आईनं ते ब्लाउजमध्ये खोचलं, इतक्या झटक्यात की कार्ड दुमडलं.

मग ढब्बू. मदतनीस बाईनं त्याचा कोट काढला आणि तो हातातून निसटला. जमिनीवर कापड पडतं तसा तो पडला नाही. धप्पकन आवाज झाला. खोलीतले सगळे त्या कोटाकडे पाहू लागले. काकूंनी अस्तरात शिसं शिवलं होतं. सदऱ्यातला ढब्बू एकदम एवढासा दिसत होता. त्याच्या उंचीलाही बाराच लागत होते. मी वजनं काढत गेले, काढत गेले. दहाला काटा थांबला.

"बाई," शिंपीणकाकू म्हणाल्या, "त्याला ताप होता. पुढच्या आठवड्यात करा. मी त्याला दूध देते, केळी देते." मदतनीस बाई दाराशी जाऊन उभी राहिली, कारण नियम तसा होता. डॉक्टरीणबाईंनी दुसरा शिक्का उचलला.

ढब्बू पारड्यातच बसून होता. त्याला झोका वाटत होता.

मी आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती, आणि ते जास्त कठीण होतं. दार आमच्यासाठी उघडं होतं. कार्ड तिच्याजवळ होतं.

"बाई, ही वजनं चुकीची आहेत," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाई थांबल्या. "कमी की जास्त?"

"हलकी आहेत. म्हणजे खरं वजन याहूनही कमी."

"मग हा मुलगा तर आणखीच खाली जातो."

"हो. आणि माझी बहीणही. आत्ताच शिक्का मारलात ती."

आईनं पिसूला उचलून घेतलं. कुणी काही बोलायच्या आत मी टेबलावरचा त्यांचा औषधाचा काचेचा जार मागितला. त्यावर लिटरची खूण होती. पाणी त्यांनी स्वतः भरलं, खुणेशी डोळा आणून थेंब थेंब कमी केलं. मला त्यांचं ते वाकून पाहणं आवडलं. जाराचं वजन फेडून आम्ही मूळ वजन ठेवलं; मुलांच्या वजनाला ते पेटीसकट आणायची रीत होती. पाण्याचं पारडं टेकलं.

"हे मूळ वजन त्या हिवाळ्यात कारखान्याच्या तळघरात होतं," मी म्हणाले. "पिसू तिथेच जन्मली. ढब्बूही. बाई, कायदा म्हणतो, हलकं ते त्यांचं. या पितळेला आई-बाप नाहीत. मी त्याचं बूड पाहिलंय, युद्धाच्या कितीतरी आधीचा शिक्का आहे. तरी ते हलकं झालं. हलकं होणं जन्मानं येत नाही. ते त्या जागेनं आलं."

मास्तर खुर्चीतून उठले, ज्याला नेहमीच थोडा वेळ लागायचा.

"त्या तळघरात मीही होतो," ते म्हणाले. "आणि नंतर माझं वजन याच पितळेनं झालंय. मलाही चढवा. सोडायचंच असेल पलीकडे तर होडी मोठी आणा."

कुणीतरी हसलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या शिक्का हातात धरून बसल्या होत्या.

"मी पण होते तळघरात," त्या म्हणाल्या. "दवाखान्याच्या." मग, कुणालाच उद्देशून नाही असं, "गेल्या वर्षी मी दोन जुळ्या मुलींना पाठवलं. त्यातली एक पास होत होती. दुसरीशिवाय राहीना, म्हणून दोघींना."

त्यांनी शिक्का डबीत ठेवला आणि डबी बंद केली. कायदा बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण खोट्या वजनांवर सही करणं त्यांच्या हातात होतं आणि ते त्या करणार नव्हत्या. राजधानीतून खरं वजन येईपर्यंत इथं कुणाचं वजन होणार नाही, कुणाला पाठवलं जाणार नाही, आणि त्या वजनाबरोबर पितळेची ही गोष्टही वरपर्यंत जाईल. ती कुणी ऐकेल की नाही ते त्यांना माहीत नव्हतं.

"आणि ते कार्ड मला परत लागेल," त्या आईला म्हणाल्या.

आईनं ते काढून दिलं. घडी उलगडून, हातानं सरळ करून दिलं.

शिंपीणकाकू ढब्बूला घेऊन बाहेर गेल्या. कोट तिथेच राहिला, आणि मास्तरांनी तो उचलून त्यांच्यामागे पाठवला.

आम्ही घरी निघालो. आई पुढे चालत होती, पिसूचा हात धरून. मी मागे. ती वाण्याचं दुकान ओलांडेपर्यंत काही बोलली नाही, आणि मला वाटलं, आता कधीच बोलणार नाही. तसं झालं असतं तरी तिची चूक म्हणता आली नसती. आमच्याकडे एक पक्कं कार्ड होतं आणि मी त्याच्या बदल्यात एक शक्यता घेतली होती. ती शक्यता किती मोठी होती, हे मला मोजता येत नव्हतं.

वळणावर ती थांबली.

"ते तुमचं पितळ," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "पुन्हा जड होईल?"

"माहीत नाही. कुणी बघितलंच नाही अजून. पाण्याशी लावून रोज बघावं लागेल. फरक पडत असला तर अगदी बारीक पडेल, महिना महिना कळणार नाही."

"रोज बघणार आहेस?"

"हो."

पिसू फुटपाथच्या कडेवरून खाली उडी मारत होती, पुन्हा चढून पुन्हा मारत होती. आई तिचे पाय जमिनीला कधी टेकतात ते बघत राहिली.

"मग हिलाही घेऊन जात जा," ती म्हणाली. "आणि आकडा घरी येऊन मला सांग. काय असेल तो."