नासपती

घाण्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला काही वाया गेलेलं बघवत नाही. सूर्यफुलाचं तेल गारठलं की पिंपाच्या तळाशी मेण बसतं. बाकीचे ते फेकून देतात. आमचे घाणेवाले डबे भरभरून ठेवत. "कशाला ही अडगळ?" असं बायकोने विचारलं की म्हणत, "लागतं."

यंदा लागलं. परसातलं नासपतीचं झाड आतून पोखरलं होतं. हा त्याचा शेवटचा बहर. झाड लावलं होतं लेकीनं, मनीनं, शाळेत असताना. ती आता लांब नोकरीला, आणि येणार होती फळांचे दिवस सरल्यावर. तिच्या झाडाचं एक तरी फळ तिला मिळावं, एवढाच म्हाताऱ्याचा ध्यास.

फळं तोवर टिकावीत म्हणून त्यांनी मेण वितळवून निम्म्या फळांना सढळ हाताने फासलं. वर आणखी एक थर, माया म्हणून. काही दिवसांनी टोपली उघडली, तर फळं बाहेरून लखलखीत, आतून काळी, आणि दारूसारखा भपकारा.

बायको पोट धरून हसली. "नास करणारा पती, तो नासपती! अहो, फळाला श्वास नको घ्यायला?" मग तिचं हसू ओसरलं. "मनीचंही असंच केलंत. कुठं पोचलीस, कोण आहे सोबत, जेवलीस का, उठता-बसता फोन. गुदमरली पोर. म्हणून तर उचलेनाशी झाली."

खरं होतं, म्हणून घाणेवाल्यांना जास्त लागलं.

उरलेल्या फळांवरून त्यांनी मेणाचं फडकं नुसतं फिरवलं. रोज टोपलीपाशी जात आणि झाकणाला हात न लावता परतत. जिवावर येई, पण परतत.

मनी आली तेव्हा झाड तोडून झालं होतं. ती बुंध्यापाशी उभी राहिली. आईनं तिच्या हातात फळ ठेवलं. तिनं चावा घेतला, रस हनुवटीवरून ओघळला आणि डोळेही भरून आले.

"अजून कसं टिकलं गं हे?"

"या खेपेला बाबांनी हात हलका ठेवला."

घाणेवाल्यांच्या ओठांवर एक प्रश्न आला होता. तो गिळून ते म्हणाले, "बिया फेकू नकोस."

मनीनं बिया मुठीत धरल्या. "बाबा, किती दिवस राहणार ते विचारलं नाहीत?"

"नाही."

"विचारा की."