थकबाकीचा बँड

घरपट्टी न भरणाऱ्याच्या दारात जाऊन बँड वाजवायचा, ही कल्पना कोणत्या साहेबाच्या डोक्यातून निघाली ते मला माहीत नाही. तो साहेब कधी बँडमध्ये नव्हता एवढं मात्र नक्की. काम सोपं होतं. नगरपालिकेची गाडी पुढे, आमचा टेम्पो मागे. थकबाकीदाराच्या दारासमोर उभं राहायचं आणि वाजवत सुटायचं. तेही आनंदाची गाणी, कारण रडकी गाणी ऐकून लोक खिडक्या लावून घेतात आणि मग तमाशा बघायला कोणी उरत नाही. शेजारीपाजारी गॅलरीत जमले की घरातला माणूस शरमेने बाहेर येतो, चेक देतो नाहीतर हप्ते बांधून घेतो, आणि आम्ही पुढच्या दारी.

मी हे काम घेतलं तेव्हा बायको म्हणाली होती, "लोकांचे तळतळाट कशाला घ्यायचे?" मी म्हणालो, "सरकारी काम आहे, पैसे बुडायचे नाहीत." हे वाक्य आठवलं की माझं मलाच हसू येतं. पैसे बुडाले नाहीत हे खरं. पण वरही आले नाहीत. दोन वर्षं झाली, आमचं एकही बिल निघालेलं नाही. आणि दोन वर्षं मी घरपट्टी भरलेली नाही. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे हे मला कळतं, बायकोला कळतं, नगरपालिकेला कळत नाही.

अजून एका माणसाला कळत नव्हतं, ते म्हणजे आप्पा, माझे वडील. पण त्यांना मी कळूच दिलं नव्हतं.

आप्पा नगरपालिकेत रोडरोलर चालवायचे. आमच्या घरासमोरचा रस्ता त्यांच्याच हातचा. दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी धुतलेला सदरा घालून ते घरपट्टी भरायला जायचे आणि रांगेत पहिला नंबर लावायचे. "पट्टी भरली की रस्ता आपला," असं म्हणायचे. "नाहीतर त्याच्यावरून फुकट चालतोयस." गुडघे गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून दरवर्षी ते फक्त विचारतात, "भरलीस?" मी म्हणतो, "भरली." पावती मागत नाहीत. पोटच्या पोराकडे कोण पावती मागतं? त्यांच्या त्या न मागण्याचीच मला भीती वाटायची.

वसुलीच्या मॅडम आमच्याबरोबर फिरतात. कानात कापसाचे बोळे, पर्समध्ये डोकेदुखीच्या गोळ्या. दुखण्याचं कारण आम्हीच, आणि तरी त्यातली एक गोळी त्या रोज आमच्या ढोलवाल्याला देतात. एका दुपारी काम आटोपल्यावर त्या टेम्पोपाशी आल्या.

"मास्तर, उद्या तुमच्या गल्लीत यायचंय."

"कुणाकडे?"

मॅडमनी कानातला एक बोळा काढला, बोटात फिरवला आणि परत घातला.

"यादी वरून येते हो," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव मी दोनदा मागे ढकललं. आता वरून विचारणा आली, की बँडवाल्याचंच घर कसं सुटतं? लोकही बोलायला लागलेत. निम्मी रक्कम भरा, मी लगेच नाव काढते."

माझ्याकडे निम्म्याची निम्मीही नव्हती. विकण्यासारखं म्हणाल तर घरात माझं ट्रम्पेट तेवढं उरलं होतं.

तसाच उठून नगरपालिकेत गेलो. दारात नवं कारंजं आहे, चकचकीत दगडाचं, आत वाळलेली पानं. लेखा विभाग दुसऱ्या मजल्यावर. तिथला कारकून मला इतका ओळखतो, की मला पाहिल्याबरोबर मान हलवायला लागतो. मी म्हणालो, "बिल देऊ नका. माझ्या बिलातूनच घरपट्टी कापून घ्या आणि मला मोकळं करा."

"असं होत नाही, मास्तर. तुमची पट्टी जमेत येते. तुमचं बिल खर्चात. जमा तळमजल्यावर, खर्च इथे. मधल्यामध्ये वळतं केलं तर लेखापरीक्षणवाले मला सोलून काढतील."

"मग बिल काढा."

"कशातून काढू? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पगार द्यायचे, रस्त्यावरचे दिवे, पंपाचं वीजबिल. त्यातून उरलं तर तुमचा नंबर. लोकांनी पट्टी भरली की तुमचं बिल निघेल बघा."

"अहो, लोक म्हणजे मीच की!"

"तुम्हीसुद्धा," तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

"आणि खालच्या कारंज्याला बरे पैसे होते?"

"तो निधी कारंज्यासाठीच आलेला होता. दुसरीकडे वापरता येत नाही. त्यात पाणी सोडायचा निधी नाही आला."

माझ्या जिभेवर शिवी आली होती. पण त्याच्या खुर्चीचा एक पाय सुतळीने बांधलेला दिसला आणि मी ती गिळली. त्यालाही कोणी नवी खुर्ची देत नव्हतं. भांडायचं तरी कोणाशी? पूर्वी मी भांडायचो, टेबलावर हात आपटायचो. आता जिना उतरतानाच दम लागतो.

नाही जात म्हणून सांगावं, तर करार रद्द आणि दोन वर्षांची बिलं गंगेला मिळाली. त्या बिलांत माझ्या एकट्याचे पैसे नव्हते, सगळ्या वादकांचे होते. क्लॅरिनेटवाला म्हणाला, "मास्तर, आम्ही वर्गणी काढू का तुमच्यासाठी?" ज्यांचे पैसे मी दोन वर्षं देऊ शकलो नाही, ते माझ्यासाठी वर्गणी काढणार होते. मी नको म्हणालो, पण त्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही.

उरला एकच उपाय. बँड वाजेल तेव्हा आप्पा घरात नसले पाहिजेत. मी ताईला फोन केला, उद्या सकाळी आप्पांना दिवसभर तुझ्याकडे घेऊन जा म्हणालो.

"का रे?"

"घराला रंग काढायचाय."

"पट्टी भरायला पैसे नाहीत आणि रंग काढतोय," ताई म्हणाली. बायकोने तिला केव्हाच सगळं सांगितलं होतं. आमच्या घरात गुपित होतं ते एकट्या आप्पांपासून. "आणते रिक्षा," ती म्हणाली. "पण किती दिवस झाकशील, बाबा?"

सकाळी ताई आली. लेकीकडे जायचं म्हणून आप्पांनी धुतलेला सदरा घातला, काठी घेतली आणि रिक्षात बसले. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मला खरंच हलकं वाटलं. मी अंगात बँडचा लाल कोट चढवला आणि कामावर गेलो.

दोन घरं आधी झाली. मग गाडी आमच्या गल्लीत वळली. टेम्पो मागच्या बाजूने आणायला लावला, कारण पुढचं वळण पाइपलाइनसाठी खणून ठेवलं होतं. खणलंय हे मला आदल्या दिवसापासून दिसत होतं. त्याचा आणि आप्पांच्या रिक्षाचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही, कारण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

गल्ली जमलीच. का नाही जमणार? वर्षभर मी त्यांच्याच दारांत वाजवत आलो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, असं कोणीतरी मला ऐकू जाईल असं म्हणालंही. समोरच्या गॅलरीत शिंपी उभा होता. मागच्या महिन्यात त्याच्या दारात आम्ही तीन गाणी वाजवली होती आणि त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला होता. माझ्या घराचं दार बंद होतं. आत बायको होती.

मी पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं, हळू. ढोलवाला बोटांनीच वाजवत होता. मीही ओठ नुसते टेकवले होते. लग्नाचं गाणं असं मिणमिणत चाललं होतं, की गर्दीतलं कोणीतरी खोकलं तर तो खोकला जास्त मोठा वाटला.

आणि गर्दी बाजूला सरकली. आप्पा काठी टेकत येत होते. सदऱ्यावर माती, मागे ताई घामाघूम. सकाळी वळण घेताच रिक्षा खड्ड्यापाशी अडली होती. रस्ता खणलेला बघून आप्पा खाली उतरले होते, आणि खड्डा असा बुजवतात का, थराथराने दाबा, म्हणून तिथल्या मजुरांना शिकवत खडीच्या ढिगावर बसून राहिले होते. ताईने हात जोडले तरी हलेनात. मग बँड ऐकू आला आणि हलले ते घराच्या दिशेने.

आम्ही थांबलो. आप्पांनी नगरपालिकेच्या गाडीवरची पाटी वाचली. मग मॅडमना विचारलं, "कुणाचं घर?"

मॅडमनी दोन्ही कानांतला कापूस काढला. "आप्पा, तुमचंच."

आप्पा माझ्याकडे वळले.

"भरली म्हणालास."

"हो."

"नाही भरलीस."

"नाही."

मला बिलाचं सांगायचं होतं, दोन मजल्यांचं, कारंज्याचं. सगळं खरं होतं. पण त्यातलं एकही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आप्पा आमच्या पायरीवर बसले. काठी आडवी ठेवली.

"वाजव."

"आप्पा, आत चला ना," ताई म्हणाली.

"त्या शिंप्याच्या दारात वाजवत होतास, तेव्हा मला आतल्या खोलीत ऐकू आलं होतं. आता समोर बसलोय तर ऐकू येत नाही. त्याला एक न्याय आणि आपल्याला एक? वाजव म्हणतो ना."

मी ढोलवाल्याकडे बघितलं. त्याने टिपरू उचललं. मग आम्ही वाजवलं, तीन गाणी, पूर्ण, छाती फुटेपर्यंत. दुसऱ्या गाण्यात मला रडू आलं, पण ट्रम्पेट तोंडाला असलं की ते बाहेर पडायला जागा नसते. आप्पा समोर बघत बसले होते, मान ताठ. मधेच बघितलं तर शिंप्याने आपल्या गॅलरीचं दार आतून लावून घेतलं होतं.

शेवटी मॅडमनी कागद काढला. आप्पांनी आपल्या पेन्शनमधून हप्ते बांधून दिले. सही करताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे काय वरचं?"

"बँडचा खर्च," मॅडम अगदी हळू म्हणाल्या. "थकबाकीदाराकडूनच घ्यायचा असतो. नियम आहे."

"म्हणजे ते याला मिळणार?"

"मिळतील... बिल निघालं की."

गर्दीत कोणीतरी हसलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कोणावर चिडणार होतो? आप्पा हसले नाहीत. त्यांनी सही केली, पेन परत दिलं आणि आत जाऊन झोपले.

आम्हाला अजून तीन दारं बाकी होती. आम्ही गेलो.

माझ्यावर ते ओरडले नाहीत, ना त्या दिवशी, ना नंतर. बोलणं पहिल्यासारखंच, जेवण झालं का, कोट फाटलाय शिवून घे, वगैरे. मी वाट बघत होतो ते ओरडतील याची. पहिल्या हप्त्याच्या दिवशी त्यांनी पेन्शनमधले पैसे मोजून माझ्या हातात दिले. मी तळमजल्यावर रांगेत उभा राहिलो, भरले आणि घरी आलो. आप्पा खिडकीशी बसले होते.

"भरलीस?"

"भरली, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"पावती."