भार अंगाजवळ

कारभारीआबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत त्यांचं एकच मागणं उरलं होतं: सकाळी दाराशी खुर्चीत बसवा. स्टेशनकडं जाणारी माणसं दिसत. कुणी रामराम घाली. जीभ जड झाली होती, पण ओळखीचा माणूस समजून घेई.

मुलगा बन्सी अंधारातच कंपनीत जाई. आबांना उठवायचं काम सुनेचं, आशाबाईचं. लग्न होऊन आली तशी ती सासऱ्यापुढं कधी उघड्या डोक्यानं गेली नव्हती. त्यामुळं ती त्यांना लांबूनच, हात ताणून, काखेत धरून ओढी. कंबरेत कळ निघे. पुढंपुढं पीठ मळतानाही ती भिंतीला हात टेकून थांबू लागली.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या प्रमोदिनीबाईंनी एकदा ते पाहिलं.

"आशाबाई, भरलेली घागर हात लांब करून नेता का?"

"नाय बाई. कमरेवर घेते. लांब धरली तर लई जड लागती."

"मग माणसाचंही तसंच! पाय फाकवा, गुडघे वाकवा, पाठ सरळ. त्यांची छाती तुमच्या खांद्याशी घ्या आणि पायांच्या जोरावर उठा."

"बाई, म्या घागर नाय," आबा खाटेवरून बोबड्या बोलीत म्हणाले, "रांजण हाये."

प्रमोदिनीबाई हसल्या. आशाबाईनं पदर पुढं ओढला. "त्येंच्या कमरेला पंचा बांधून वढलं तर?"

"पंचा धरायला बरा. पण जवळ जावंच लागेल. नाहीतर तुम्हीही अंथरूण धराल. मग ह्यांना कोण बसवणार?"

दुसऱ्या सकाळी आशाबाईनं तसंच केलं. गुडघे वाकवले, आबांना खांद्याशी घेतलं आणि उठली. इतके दिवस छळणारं ओझं सहज उचललं गेलं. कळ आली नाही. फक्त त्यांचं डोकं तिच्या मानेशी टेकलं, पदर घसरला, आणि तिचे दोन्ही हात अडकलेले. आबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. खुर्चीत बसल्यावरही उघडले नाहीत. शेजारच्या सांडूनं रामराम घातला, त्यालाही उत्तर दिलं नाही.

त्यानंतरच्या सकाळी ती जवळ गेली, तर ते म्हणाले, "नगं पोरी. बसलं की चक्कर येती."

"काल नव्हती येत, मामंजी."

"आता येती." त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

बन्सीला सुट्टी होती त्या दिवशी तो बाह्या सरसावून आला. "चला आबा, म्या बसवतो. गडी माणसाच्या हातात काय चक्कर येती व्हय?"

आबांनी दाराकडं पाहिलं. मग आतल्या दाराआड उभ्या सुनेकडं. मुलाच्या हातानं ते आज बसले असते, तर चक्कर कोणाच्या हातानं येत होती, हे उघडं पडलं असतं.

"नगं रं," ते म्हणाले.

बन्सी वळला. "खरंच चक्कर येती का गं त्येंला?"

नाही म्हटलं असतं तर खांदा, पदर, मिटलेले डोळे, सगळंच सांगावं लागलं असतं. नवऱ्याला, सासऱ्यादेखत.

"येती," आशाबाई म्हणाली.

आबा आता पडूनच असत; पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मग प्रमोदिनीबाईंनी तिला चादर वापरायला शिकवलं. आबांच्या पाठीखालची चादर ओढली की ते कुशीवर वळत. अंगाला बोटही लागत नसे. तिची कंबर दुखायची थांबली. आबांचा चांगला पायही हळूहळू काडीसारखा झाला.

एका सकाळी बाहेरून कुणीतरी मोठ्यानं रामराम घातला.

"दार लाव," आबा म्हणाले.

तिनं लावलं.