नावापुढची वीस मिनिटं

ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला की त्याचं नाव ठेवायची एकच बाई, म्हणून लहानथोर सगळे तिला आत्या म्हणत. सगळी यंत्रं तिच्याच ताब्यात. एकाचं नाव रुसूबाई, एकाचं झोपाळू, आणि खिडकीजवळच्या जुन्या पण भरवशाच्या मशीनचं थोरली.

थोरली नकाशेवालीच्या वाट्याला आलेली. नकाशेवाली म्हणजे पाण्याच्या नळांचे आराखडे करणारी, आणि गेल्या आठ महिन्यांपासून एका लेकीची आई. ती घरी, थोरली ऑफिसात. घरच्या लॅपटॉपवरून ती थोरलीत शिरायची. काम सगळं तिकडे, थोरलीच्या पोटात चालायचं. साहेबांनी महिनाभराची मुदत दिली होती. "घरून जमलं तर ठीक. नाहीतर एक तारखेपासून ऑफिसात यायचं." लेक अजून बाटलीला तोंड लावत नव्हती. त्यामुळे हा महिना ती डोळ्यांत तेल घालून सांभाळत होती.

थोरलीची एक खोड होती. पंधरा मिनिटं माऊस हलला नाही की ती आतल्याला बाहेर काढी. दूध पाजायला तर वीस लागत. मग नकाशेवालीनं शक्कल लढवली. माऊसला दोरी बांधली आणि दुसरं टोक पाळण्याला. पायानं पाळणा हलवला की माऊस हले.

"वा," नवरा म्हणाला, "पोरगी वर्षाची व्हायच्या आत कमावती झाली!"

दुसऱ्या आठवड्यात नेट पाव तास गेलं. बाई पाव तास पाळणा हलवत बसली. नेट आलं, तर थोरलीचा पडदा कोरा करकरीत. सकाळपासूनचं काम पाण्यात. कुणाला न सांगता तिनं ते लेकीला कडेवर घेऊन पुन्हा केलं.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन.

"काय गं, माणूस आहेस की भूत?"

"का हो आत्या?"

"कुणाचा हात किती वेळ थांबलाय, त्याची यादी दिसते मला. इतरांच्या नावापुढे पाच मिनिटं, बारा मिनिटं. तुझ्यापुढे सकाळपासून शून्य. अंगावर पिणाऱ्या बाळाची आई, आणि शून्य? मला शेंड्या लावतेस?"

दोरीचं ऐकून आत्या ठसका लागेपर्यंत हसली. मग आवाज उतरला. "काल तुझं सगळं गेलं, तेही दिसलं. बोलली नाहीस."

"काय बोलणार?"

"अगं, तू खोलीत बसून पेंगलीस हे एक, आणि तू बाहेर असताना दार वाऱ्यानं लागलं हे दुसरं. दोरी पहिल्याला पुरते. दार लागल्यावर आतल्या थोरलीला तुझी दोरी दिसणार कशी? थोरली दहा मिनिटं वाट बघते आणि तुझा पसारा आवरून टाकते. तो नियम माझाच. सात वर्षांपूर्वी केला, तेव्हा सगळे इथंच बसायचे. घरी कुणाचं बाळ असेल, हे डोक्यातच आलं नाही माझ्या. चुकलंच."

नियम करणाऱ्याच्या तोंडून "चुकलंच" असं नकाशेवालीनं आजवर ऐकलं नव्हतं. तिचे डोळे उगीचच भरून आले.

"दहा मिनिटांचे आता चोवीस तास केलेत. तुटलं तर घाबरायचं नाही. थोरलीला बंद करून चालू कुणी करायचं नाही. तिथं काम चालूच असतं. तू फक्त परत ये."

महिन्याचा शेवटचा दिवस. एका नव्या वस्तीच्या नळांतल्या दाबाचा हिशेब दुपारी तीनला साहेबांना हवा होता. तिनं दहाला तो थोरलीला लावून दिला. चार तासांचं काम. साडेबाराला लेक रांगत गेली आणि नेटची पेटी वायरीसकट ओढून पाण्याच्या बादलीत घातली. पेटीचे दिवे गेले. लेक दचकून रडायला लागली.

फोनचं नेट त्या घरात यायचं नाही, जिन्यात यायचं. पण आधी लेक. तिला पदराखाली घेऊन बसते तोच साहेबांचा फोन.

"तुमच्या मशीनपाशी उभा आहे. पडद्यावर नुसतं कुलूप आहे, काही हलत नाही. बंद करून चालू करतो."

"नको साहेब!" आपलाच आवाज तिला परका वाटला. "हात लावू नका. आत चालू आहे ते."

"तुम्हाला तिथून दिसतंय का?"

"नाही."

"मग?"

"आत्यांनी सांगितलंय."

"तीनला मिळालं नाही तर?"

"तीनला मिळेल."

लेक सव्वाला झोपली. तिला खांद्यावर टाकून, लॅपटॉप काखेत धरून ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली आणि थोरलीचं दार उघडलं. अर्धवट लिहिलेलं वाक्य जिथल्या तिथं, त्यापुढे कर्सरची काठी लुकलुकत होती. खाली हिशेबाचा आकडा: एक्क्याऐंशी टक्के. तिच्या डोळ्यांदेखत ब्याऐंशी झाला.

तीनला दहा कमी असताना हिशेब गेला. साहेबांचं उत्तर एका ओळीचं: "मिळालं. पुढचंही घरूनच करा."

तिनं आत्याला फोन लावला. "थँक्यू, आत्या."

"मला काय थँक्यू म्हणतेस, थोरलीला म्हण," आत्या म्हणाली. "आणि ते पंधरा मिनिटांचंही तीस करून टाकलंय. दोरी सोडलीस का?"

"आत्ता सोडते."

"सोड. उद्यापासून तुझ्या नावापुढे मला वीस मिनिटं दिसली पाहिजेत."