दोन आखूड, एक लांब

मी एक शंख आहे. बोलतोय म्हणायचं ते आपलं नावापुरतं, कारण मला स्वतःचा श्वास नाही. कुणी ओठ लावून फुंकलं तर मी बोलणार, नाहीतर नुसता दगड. आत्ता मी एका फुटक्या होडीत आहे, आत पाणी चढतंय आणि होडी वाहत चाललीय उघड्या समुद्राकडे. म्हणून पाल्हाळ लावत नाही.

माझा जन्म आन्स गोमिये गावाच्या खाडीत, पाण्याखालच्या गवतात झाला. म्हाताऱ्या मोदेस्तनं बुडी मारून मला वर काढलं. माझ्यातला जीव त्याच्या घरच्या रश्शात गेला, त्याचा राग मी केव्हाच सोडून दिला. त्यानं माझं टोक करवतीनं कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि फुंकलं. मला आवाज फुटला तो त्याच्या मासेमारीच्या होडीत.

मोदेस्तची हाक ठरलेली होती. दोन आखूड, एक लांब, आणि लांब सुराचा शेवट वर चढवायचा. अर्थ एवढाच, की होडीत मासळी आहे, या. मग गाव काय धावायचं! टोप, घमेली, हाताला लागेल ते घेऊन. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या डोक्याला साबणाचा फेस. किनाऱ्यावर मासे तळून विकणारी मा सिदोनी तर हाक पुरी व्हायच्या आत चुलीवर तेल चढवायची.

नियम मात्र कडक होता. रिकाम्या होडीतून ही हाक द्यायची नाही. जो देईल त्याच्या होडीकडे मासळी कायमची पाठ फिरवते, असं अख्खं गाव मानतं. मोदेस्तनं मरताना मला मुलीच्या, ओरालीच्या, हातात दिलं आणि जावयाला माझ्यावर हात ठेवून तशी शपथ घ्यायला लावली.

जावई एव्हारिस्त. त्याचं मन मासेमारीत रमलं नाही. गावात फिरायला परदेशी पाहुणे यायला लागले तसा त्यानं होडीला निळा रंग फासला, बाकांवर गाद्या टाकल्या आणि तो त्यांना ठिकाणं दाखवत फिरू लागला. काळ्या वाळूचा किनारा, थेट समुद्रात पडणारा धबधबा, गंधकाचं गरम पाणी, वटवाघळांची गुहा आणि सगळ्यात शेवटी, भूशिरापलीकडची दगडी कमान. प्रत्येक ठिकाणी तो मला फुंकायचा. एकच लांबलचक सूर. शपथ मोडायला नको ना! माझा आवाज किनाऱ्यावरच्या जोडडोंगरावर आपटून गावापर्यंत जायचा, पाहुणे टाळ्या पिटायचे. खोटं कशाला बोलू, मीही जरा चढून गेलो होतो.

गावाचे कान मात्र विटले.

"एव्हारिस्त, तुझा शंख आवर रे बाबा," मा सिदोनी एकदा भर किनाऱ्यावर म्हणाली. "सुरुवातीला दोनदा माझं तेल फुकट तापलं. आता तो वाजला की मी कूस बदलून झोपते."

"अगं मा, माझी हाक वेगळी आहे की."

"वेगळी आहे म्हणूनच तर! ती ऐकली की कळतं, उठायची गरज नाही."

सगळे खो खो हसले. एव्हारिस्तही हसला. आज तेच वाक्य मला आतून कुरतडतंय.

ओराली या गावात जन्मली, बेचाळीस वर्षांची झाली, पण यातलं एकही ठिकाण तिनं पाहिलेलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही. ती पहाटे उठून कोकोचा चहा उकळायची, पाहुण्यांच्या डब्यांत तळलेल्या भाकऱ्या आणि खारवलेला मासा भरायची, आणि होडी दिसेनाशी झाली की भांडी घासायला बसायची. परवा मात्र ती कडाडली.

"जगातल्या यच्चयावत परक्यांना कमान दाखवलीस. मी कोण रे तुझी, मोलकरीण?"

म्हणून आज रविवारी, चर्चमधून आल्या आल्या, अंगावरच्या फुलाफुलांच्या झग्यासकट ती होडीत चढली. एव्हारिस्तनं पाहुण्यांना देतो तसा हात देऊन तिला बसवलं. ती लाजली. मला फार बरं वाटलं.

धबधबा पाहून म्हणाली, "एवढंसंच? माझं न्हाणीघर याहून जोरात गळतं." एव्हारिस्त हसत हसत तिचा फोटो काढायला वाकला आणि फोन पाण्यात. दोघं पोट धरून हसली. गुहेशी ती म्हणाली, "वटवाघळं बघायला लोक पैसे देतात? आमच्या चर्चच्या माळ्यावर या म्हणावं." प्रत्येक ठिकाणी एव्हारिस्तनं मला फुंकलं, तिच्यासाठी, मुद्दाम लांबवून.

कमानीखालून होडी गेली तेव्हा तिनं मान वर केली. वर दगड, खाली हिरवंगार पाणी, मध्ये उन्हाची तिरीप. तिनं डोळे पुसले.

"आणखी एकदा ने ना," ती म्हणाली.

तो दुसऱ्यांदा आत शिरला, यावेळी तिला दगडाला हात लावता यावा म्हणून अगदी कडेनं. एका लाटेनं होडी उचलली आणि खडकावर आपटली. इंजिनाचा पंखा तुटला, तळाला चीर गेली. वल्हं एकच, तेही आखूड. भूशिराबाहेरच्या पाण्याच्या ओढीनं आम्हाला धरलं ते धरलंच.

एव्हारिस्तनं मला फुंकायला सुरुवात केली. सवयीनं तोच सूर, एक लांब. फुंकून फुंकून त्याचे ओठ फुटले, माझ्या तोंडाला रक्त लागलं. गावात काय चाललं असेल ते मला इथं बसून दिसत होतं. एव्हारिस्त बायकोला मिरवतोय म्हणून लोक हसत असतील.

मध्येच आशा दिसली. गावातला तेओफिल मासेमारी आटोपून घराकडे निघाला होता. त्याची होडी लांब होती, माणूस तेवढा ओळखू येत होता. एव्हारिस्तनं छाती फुटेस्तोवर फुंकलं. ओराली दोन्ही हात हलवत किंचाळली. तेओफिलनं टोपी काढली, आनंदानं हलवली आणि सरळ गावाची वाट धरली. मी हाती असूनही त्या माणसाला एक शब्द सांगता आला नाही. अशी लाज माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

"माझ्यामुळं झालं," ओराली करवंटीनं पाणी उपसता उपसता म्हणाली. "आणखी एकदा, आणखी एकदा! तोंड जळो माझं."

"गप गं. तू उपस."

मग ती थांबली. "बाबांची हाक दे."

एव्हारिस्त दचकला. "रिकाम्या होडीतून? त्यांनी शपथ घातलीय मला."

"तुला घातलीय. मला नाही."

"मासळी पुन्हा या होडीला शिवणार नाही, ओराली."

"होडीच राहणार नाही तर शिवायची कशाला? मला पोहता येत नाही रे. आण तो इकडे."

तिनं मला त्याच्या हातातून ओढलं आणि करवंटी त्याच्याकडे फेकली. पहिल्या फुंकेला नुसती थुंकी उडाली. दुसऱ्या फुंकेला फुस्स झालं. ती रडत होती, त्यामुळं श्वास बसेना. तिनं झग्यानं माझं तोंड पुसलं, डोळे मिटले आणि फुंकलं. दोन आखूड. एक लांब. शेवट वर चढला, अगदी मोदेस्तसारखा.

किती वर्षांनी ही हाक माझ्यातून निघाली! आता ती थांबतच नाहीये. पाणी बाकाला टेकलंय. एव्हारिस्त वेड्यासारखा उपसतोय, ती फुंकतेय, आणि तिचा दम प्रत्येक हाकेला कमी पडतोय. तो संपला की मीही संपलो.

आन्स गोमियेच्या माणसांनो, होडी रिकामी आहे, कबूल. नियम मोडला, कबूल. शाप द्यायचा तर मला द्या. पण उठा. मा सिदोनी, चढव तेल. घमेली उचला, टोप उचला, सगळ्यांच्या पुढे नंबर लागावा म्हणून ढकलाढकली करत या. किनाऱ्यावर पोचलात आणि होडी दिसली नाही, तर लगेच माघारी वळू नका. भूशिराच्या बाहेर, लांब बघा. तेओफिल, तुझं इंजिन अजून गरम असेल.

मासळी नाही म्हणून आम्हाला खुशाल शिव्या घाला. पण या.